लग्नपत्रिकेत ठेवलेलं मॉस

तात्यांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसायचं. तिथे डोळ्यांच्या औषधाची एक रिकामी बाटली असायची आणि तिच्यात साधं नळाचं पाणी. चालता चालता भिंतीवर, गटाराच्या कठड्यावर किंवा सोसायटीच्या गेटाच्या खांबावर वाळलेला काळा डाग दिसला, की तात्या थांबायचे. बाटली काढून त्या डागावर दोन-तीन थेंब टाकायचे आणि डोळे बारीक करून बघत उभे राहायचे. सोबतच्या माणसाने घाई केली तर हात आडवा करून म्हणायचे, "थांब. उठतंय." आणि खरंच, पाच-दहा सेकंदांत त्या काळ्या डागातून हिरवा रंग वर यायचा. खारघरला एका वॉचमनने त्यांना एकदा हटकलं होतं. "अंकल, ये क्या डाल रहे हो?" तात्या म्हणाले, "पानी." "क्यों?" "प्यास लगी है उसको." वॉचमनने आधी भिंतीकडे पाहिलं, मग तात्यांकडे, आणि मग रजिस्टरमध्ये त्यांचं नाव लिहून घेतलं.

तात्या आमच्या कॉलेजात बॉटनीच्या लॅबचे अटेंडंट होते. कॉलेज नवी मुंबईतल्या खारघरचं, तात्या तिकडच्याच पावणे गावचे. मेट्रोचे नुसते खांब उभे होते आणि ती कधी धावेल यावर कँटीनमध्ये पैजा लागायच्या, त्या काळातली ही गोष्ट. शिक्षण नववीपर्यंत झालेलं, पण लॅटिन नावं घरच्या पोरांना हाक मारावी तशी घ्यायचे. त्यांचं सर्वांत लाडकं होतं हायोफिला. हे एक मॉस आहे. मॉस म्हणजे आपण घरात सरसकट शेवाळ म्हणून ब्रशने घासून काढतो ना, त्यातलंच. खरं शेवाळ पाण्यातलं, निसरडं. हे भिंतीवरचं, मखमलीसारखं, आणि भिंग लावलं तर इवल्या इवल्या पानांचं. हायोफिला वाळलं की त्याच्या पानांच्या कडा आत वळतात, सगळं रोप मिटून काळं पडतं. पाणी मिळालं की पानं उघडतात. एवढंच त्याचं कर्तृत्व. पण ते तात्यांनी हजार वेळा पाहिलं असेल, आणि हजाराव्या वेळीही त्यांच्या चेहऱ्यावर तोच आनंद असायचा.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय तात्या कळायचे नाहीत. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, वडील नोकरीमुळे कामोठ्यात आलेले. माझी मोठी बहीण इंजिनिअरिंगला. ती घरात शिरली की फ्रिजसुद्धा कमी आवाज करायचा. मी बी.एस्सी.ला, बॉटनी घेऊन, आणि बॉटनीच्याच प्रॅक्टिकलमध्ये मला केटी, म्हणजे विषय राहिलेला, पुन्हा परीक्षा द्यायची. अभ्यास नव्हता असं नाही. लेखी परीक्षेत मी पानंच्या पानं लिहायची. पण तोंडी परीक्षेत समोर बाहेरचा परीक्षक बसला की माझी दातखीळ बसायची. घसा कोरडा, जीभ टाळूला चिकटलेली, डोक्यात नुसता शुकशुकाट. तीनदा असं झालं. आता शेवटची संधी होती. कामोठ्यातल्याच एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा मला कबूल झाली होती, पण पदवीचा कागद जूनपर्यंत हातात हवा, या अटीवर. केटी निघाली नाही तर पदवी नाही, जागा नाही, आणि बहिणीचं "तुला मी सांगत होते" आयुष्यभर.

त्या उन्हाळ्यात मी रोज लॅबमध्ये जाऊन बसायची. एकदा कोरड्या घशाने उत्तरं घोकत असताना तात्या बीकर पुसत पुसत म्हणाले, "गो पोरी, तू झार नाय. तू मॉस हाय." तात्यांच्या आगरी तोंडी झाडाचं 'झार' व्हायचं आणि वाळण्याचं 'वालनं'. मला राग आला. घरी बहिणीच्या तुलनेत भिंतीवरची बुरशी ठरतेच, इथेही तेच! मी तोंड फुगवून म्हटलं, "तात्या, मॉस म्हणजे काय अपमान करताय का?"

"अपमान कसला? बस इथं." त्यांनी स्टूल ओढलं. "झार पानी कसं पितं? खालनं. मुल्यांनी खेचत खेचत वर नेतं आनी मंग पानापानाला वाटतं. म्हनून तं एवरं उंच जातं. मॉसला नल नाय, टाकी नाय. सगल्या अंगानं पितं. म्हनून बुटकं राहतं. बरोबर?"

"बरोबर. पण..."

"पन काय ते आयक. झार एकदा पुरतं वाललं का खलास. मंग टँकर ओत नायतर समिंदर ओत. मॉस पुरतं वाललं तं मरत नाय. निस्तं वाट बगतं. तुजी भईन झार हाय, तिला जाऊ दे वर. तू परीक्षेत वालतेस. मरत नायस. कलला फरक?"

आमच्या मॅडमच्या नोट्समध्ये हाच फरक 'स्पष्ट करा' या मथळ्याखाली आठ मुद्द्यांत होता. मी तो आठ वेळा पाठ केला होता, आणि तो कळला मात्र त्या स्टुलावर.

झाड म्हटलं की तात्यांच्या मनात एकच झाड असायचं, पावण्याचं भेंड. एका रविवारी ते मला आणि दोन केटीवाल्या मैत्रिणींना ते दाखवायला घेऊन गेले. एमआयडीसीच्या रस्त्याला एका बाजूला लेथ मशीनची शेड, दुसरीकडे पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना, आणि मधल्या दहा-बारा फुटांत हे भेंड, बुंध्याला टेम्पोचे ओरखडे झेलत उभं. पानं पिंपळासारखी, फुलं सकाळी पिवळी आणि संध्याकाळपर्यंत लालसर. तात्यांचे वडील इथे भात लावायचे. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध होता आणि बांधावर हे भेंड. "कंपनी आली, शेत गेलं, बांध गेला," तात्या म्हणाले. "झार इसरून गेले लोक." हे त्यांनी इतक्या मजेत सांगितलं, की झाडाने सरकारी अधिकाऱ्यांना चकवलं असावं असंच वाटलं. बुंध्याच्या उत्तरेकडच्या अंगाला हायोफिलाचा वाळका थर होता. तात्यांनी त्यावर थेंब टाकले. मग झाडाला पाठ टेकून म्हणाले, "दोघंबी एकाच जागेवर. एक लांबून पानी आनतं, एक आलेलं पितं. भांडन नाय, तंटा नाय." आम्ही तिथे उसाचा रस प्यायलो आणि लेथवाल्याने आम्हाला बसायला खोकी दिली. माझ्या कॉलेजच्या सगळ्या सहलींत तीच मला नीट आठवते.

तात्यांची दुसरी खोड म्हणजे लग्नपत्रिका. आगरी समाजात लग्नं आणि हळदी यांना तोटा नाही, आणि तात्यांना गावागावांतून आवतण. पत्रिका हातात आली की ते नवरानवरीची नावं वाचायचे नाहीत. अंगठा आणि बोटात धरून आधी कागद चाचपायचे. मग त्या जाड चकचकीत पत्रिकेचं घडी घालून पाकीट करायचे आणि त्यात वाळलेलं मॉस ठेवायचे. कधीचं ते लिहावं लागायचं नाही, तारीख पत्रिकेवरच छापलेली. वर फक्त जागा लिहायची: 'पंपहाऊसची भिंत', 'शंकराच्या देवलाची पायरी'. अशी पाकिटं त्यांनी बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात लावून ठेवली होती. "जयेशच्या हळदीचं काढ," म्हणाले की समजायचं, तीन वर्षांपूर्वीचं, बेलापूरच्या किल्ल्याकडचं. त्यांच्या बायकोची, काकूंची, एकच तक्रार होती. घरात कुणाच्याच लग्नाची पत्रिका राहत नाही. स्वतःच्या लग्नाची एकच जपून ठेवली होती, तीसुद्धा कुठे गेली कळत नाही, असं त्या मला प्रत्येक भेटीत सांगायच्या. तात्या तेव्हा खिडकीबाहेर बघायचे.

डब्यातलं मॉस जुनं. परीक्षेसाठी मात्र तात्यांना ताजं लागायचं. त्यासाठी त्यांची हक्काची जागा म्हणजे लॅबच्या मागची भिंत. वर वॉटर कूलर होता, त्याची गळकी नळी भिंतीवरून ओघळायची, आणि भर मे महिन्यात तिथे हायोफिलाची हिरवीगार चादर असायची. नळी दुरुस्त करायला प्लंबर आला की तात्या त्याला चहा पाजून परत पाठवायचे.

माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. अशा वेळी कॉलेजचं काय होतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. कुंड्या भाड्याने येतात, बंद पडलेले पंखे फिरायला लागतात, आणि प्राचार्य स्वतः संडासांची पाहणी करतात. आमच्या प्राचार्यांना कळलं, की समितीला पर्यावरणाची आवड आहे. त्यांनी कला मंडळाच्या मुलांना हुकूम सोडला: बॉटनीच्या मागची ती घाणेरडी भिंत खरवडा आणि तिच्यावर झाड रंगवा. मुलांनी दोन दिवसांत भिंत तासून, धुऊन, पांढरी करून तिच्यावर एवढा थोरला वृक्ष काढला. खाली अक्षरं: 'हिरवाई जपा.' ती हिरवाई तासून काढल्याचं कुणाच्या गावीही नव्हतं. तात्या दोन दिवस भाच्याच्या हळदीला गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आले, मागे गेले, आणि भिंतीसमोर उभे राहिले. मी शेजारी होते. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी त्या रंगवलेल्या खोडावरून खाली जमिनीपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "झार बरं काढलंय. मुल्या दाखवल्या नायत पन."

माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशीचा प्रश्न ठरलेला होता: एक मॉस आणि एक वृक्ष समोर ठेवून तुलना, नमुन्यासह तोंडी. भेंडाची फांदी तात्या आणणार होते. भिंतीवर आता रंग होता, बाहेर सगळीकडे उन्हाचा फुफाटा. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, चित्र ठेवू. परीक्षकांनी फोनवर सांगितलं, नमुना नसेल तर तो प्रश्न होणार नाही, केटीवाल्यांची परीक्षा पुढच्या सत्रात. पुढचं सत्र म्हणजे माझा जून बुडाला. मी लॅबच्या मागे, त्या रंगवलेल्या झाडाखाली बसून चक्क रडले. तात्या आले आणि म्हणाले, "एवरं पानी भिंतीवर टाकलं असतंस तं मॉस उगवलं असतं." मी रडता रडता हसले. मग म्हणाले, "उद्या ये. जयेशची हळद हाय ना आपल्या डब्यात."

दुसऱ्या दिवशी टेबलावर एका बाजूला भेंडाची फुलांसकट फांदी, टवटवीत. दुसऱ्या बाजूला पेट्री डिशमध्ये काळपट चुरा. परीक्षक चष्मा वर करून म्हणाले, "हे काय? चहाची पूड?" माझ्याकडे वळले. "बोला. तुलना करा." आणि झालं. घसा गेला, जीभ गेली, शब्द गेले. परीक्षक घड्याळाकडे बघायला लागले. चौथ्यांदा तेच होतंय हे मला दिसत होतं, आणि मला काहीच करता येत नव्हतं.

परीक्षा चालू असताना अटेंडंटने बोलायचं नाही, असा नियम आहे. तात्या एक शब्दही बोलले नाहीत. खिशातली बाटली काढून त्यांनी माझ्या हाताजवळ ठेवली आणि मागे जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. "हे काय ठेवलंत?" परीक्षकांनी विचारलं. "पानी हाय सर. प्रॅक्टिकलला लागतं."

मी थेंब टाकले. एक, दोन, तीन. काही झालं नाही. आणि मग माझ्या तोंडून माझ्या नकळत निघालं, "थांबा सर. उठतंय."

उठलं. जयेशच्या हळदीतलं तीन वर्षांचं कोरडं मॉस त्या डिशमध्ये पानं उघडत हिरवं झालं, आणि मी बोलायला लागले. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि नळ्यांतून वर चढवतं, म्हणून उंच होतं. मॉसला त्या नळ्याच नाहीत, त्याची पानं एका पेशीच्या जाडीची, ते अंगभर पाणी घेतं. झाडाला फूल आहे, बी आहे, त्याला मधमाशी लागते. मॉसला बीजाणू पुरतात, पण नर-मादी पेशींच्या मीलनाला पाण्याचा थेंब लागतोच. झाड वाळण्यापासून स्वतःला वाचवतं. मॉस वाळतं, आणि वाळून वाट बघतं. परीक्षकांनी थांबवलं तेव्हा मी भेंडाच्या बांधापर्यंत पोचले होते. "पुरे, पुरे," ते म्हणाले, आणि डिश डोळ्यांजवळ नेऊन स्वतःच अजून एक थेंब टाकला. मागे तात्या छताकडे बघून हसत होते.

मी पास झाले. शाळेतली जागा मिळाली, आजही तिथेच आहे. त्या रंगवलेल्या झाडाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. कूलर गळतच राहिला, आणि वर्षभरात त्या झाडाच्या खोडावर, रंगाच्या भेगांतून, पुन्हा हायोफिला आलं. पुढच्या समितीतल्या एका पाहुण्यांनी म्हणे खास दाद दिली, "खोडाचं काम काय हुबेहूब केलंय मुलांनी!" प्राचार्यांनी नम्रपणे मान लववली. तात्या हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे.

माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन मी पावण्याला गेले, तेव्हा त्यांनी ती चाचपली आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "जाड हाय. धा वर्सं ओल लागायची नाय." सोबत आलेल्या माझ्या होणाऱ्या नवऱ्याला वाटलं हा आशीर्वाद आहे. त्याने वाकून नमस्कार केला.

तात्या निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने शाल आणि नारळ दिला. त्यांनी बिस्किटांचा डबा मला दिला. विभागाकडे का नाही ठेवत, विचारलं तर म्हणाले, "ते कपाटात ठेवतील. तू पानी घालशील." तळाशी एक पिवळं पडलेलं पाकीट होतं, त्यावर बोट ठेवून म्हणाले, "याला आताच नको. कवा घालायचं ते तू ठरव." मी घरी जाऊन पाहिलं. पत्रिका तात्यांच्या आणि काकूंच्या लग्नाची होती. वर लिहिलं होतं: 'आपला बांध, भेंडाखाली.'

मागच्या वर्षी पावण्यात गटाराचं काम निघालं. खोदणाऱ्याने भेंडाच्या एका अंगाची मुळं तोडली, आणि त्या उन्हाळ्यात झाड उभ्या उभ्या वाळत गेलं. तात्या रोज सकाळी बादल्या घेऊन जायचे. गुडघे दुखायचे तरी जायचे. लेथवालाही बादली लावायचा. झाडाला पाणी घालून काही होणार नाही, हे तात्यांहून जास्त कोणाला ठाऊक होतं? तरी घालत राहिले. शेवटी कोणीतरी येऊन ते कापून नेलं.

काकूंचा मला फोन आला. "यांनी बोलनंच सोडलंय गो. जेवतात, बसतात, भिंतीकडं बगतात. ती बाटली पन टाकली कुठंतरी."

मी पाकीट घेतलं, माझी बाटली घेतली आणि गेले. शाळेत मीही तशीच बाटली वापरते, मुलं हसतात. तात्या खाटेवर बसले होते, खरोखरच वाळल्यासारखे. यावेळी परीक्षक कोणी नव्हता, तरी माझा घसा कोरडा पडला. मग मी बोललेच नाही. स्टुलावर एक बशी ठेवली, पाकीट उघडून तो काळा चुरा बशीत ओतला, बाटली तात्यांच्या हाताजवळ ठेवली, आणि मागे सरकून भिंतीला टेकून उभी राहिले.

तात्यांनी पाकीट पाहिलं, त्यावरचं स्वतःचं तरुणपणीचं अक्षर पाहिलं. मग त्यांनी बाटली उचलली. पहिला थेंब बशीबाहेर पडला. दुसरा पडला, तिसरा पडला. काकू आत्ता काहीतरी बोलणार हे ओळखून त्यांनी हात आडवा केला.

"थांब. उठतंय."

पानं हळूहळू, एकेक करून उघडली. एवढ्या वर्षांनी ते जिवंत होतं की नुसतं ओलं झालं, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि मी शिकलेली आहे. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "उघरलं ना? बास." बांध गेला होता, भेंड गेलं होतं, आणि त्याच्या सावलीतलं हे चिमूटभर काहीतरी बशीत हिरवं होऊन बसलं होतं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

तेवढ्यात काकूंनी ते रिकामं पाकीट उचललं, उलटंसुलटं केलं, आणि त्यांचा आवाज चढला. "अहो! ही माज्या लग्नाची पत्रिका! आख्खा जनम मी शोधतेय! माज्या सासूवर आल घेतला मी हिच्यापायी!"

तात्या आधी खिडकीबाहेर बघायला लागले. मग त्यांचे खांदे हलले, आणि मग ते असे काही हसले की खाट करकरली. काकूही पत्रिका छातीशी धरून भांडता भांडता हसायला लागल्या. चहा झाला, पुन्हा एकदा चहा झाला, आणि तात्यांनी मला पंपहाऊसच्या भिंतीवर यंदा काय काय आलंय ते सगळं सांगितलं.

निघताना पाहिलं, तर माझी बाटली त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. मी मागितली नाही.